वसाहतवाद गेला, साष्टीत काय उरले? नाव, लिपी, जमीन आणि कायदा

गेल्या काही वर्षांत 'वसाहतवादी मानसिकता', 'गुलामीच्या खुणा', 'निर्वसाहतीकरण' हे शब्द सरकारी भाषणांपासून महाविद्यालयीन चर्चासत्रांपर्यंत सगळीकडे ऐकू येतात. आपल्या तरुण कार्यकर्त्यांपुढे त्यामुळे एक पेच उभा राहतो. इंग्रजी राज्याला नावे ठेवली की जातीचा प्रश्न मागे पडतो. आणि जातीचा प्रश्न पुढे आणला की 'तुम्ही इंग्रजांचे समर्थक' असा शिक्का बसतो. हा पेच खोटा आहे, असे आमचे म्हणणे आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी लंडन किंवा दिल्लीला जाण्याची गरज नाही. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही आपली उपनगरे ज्या साष्टी बेटावर वसली आहेत, त्या बेटाच्या इतिहासातच ते उत्तर आहे. अभ्यासवर्गात आणि वादात उपयोगी पडावी म्हणून ही माहिती एकत्र मांडत आहोत.

आधी शब्दांचे अर्थ

परक्या सत्तेने एखाद्या प्रदेशाची जमीन, श्रम, व्यापार आणि कारभार आपल्या फायद्यासाठी ताब्यात घेणे म्हणजे वसाहतवाद. त्या सत्तेपासून राजकीय स्वातंत्र्य मिळवणे ही निर्वसाहतीकरणाची पहिली पायरी. दुसरी पायरी अधिक अवघड आहे. परक्या सत्तेने घालून दिलेल्या संस्था, कायदे, जमिनीची मालकी आणि ज्ञानाची उतरंड तपासून त्या बदलणे, ही ती पायरी. आशिया आणि आफ्रिकेतील बहुतेक देशांनी विसाव्या शतकात पहिली पायरी ओलांडली. दुसऱ्या पायरीवर मात्र सगळीकडे एकच प्रश्न उभा राहिला : परका मालक गेल्यावर त्याच्या खुर्चीत कोण बसले?

साष्टीचा कालपट

साष्टी हे नाव सहासष्ट गावांवरून आले असे मानतात. ठळक टप्पे असे :

• इ. स. पूर्व पहिल्या शतकाच्या सुमारास ते इ. स. अकरावे शतक : कान्हेरी (जुने नाव कण्हगिरी, कृष्णगिरी) येथे शंभराहून अधिक लेणी. अंधेरीजवळ कोंडिविटे, बोरिवलीजवळ मागाठाणे ही आणखी बौद्ध लेणी.
• १५३४ : गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने वसईच्या तहाने वसई, साष्टी आणि मुंबईची बेटे पोर्तुगीजांना दिली.
• १७३७ ते १७३९ : मराठ्यांनी साष्टी आणि नंतर वसई जिंकली.
• १७७४ : ईस्ट इंडिया कंपनीने ठाणे आणि साष्टी घेतली. १७८२ च्या सालबाईच्या तहाने तो ताबा पक्का झाला.
• १८५३ : बोरीबंदर ते ठाणे रेल्वे साष्टीतून धावली.
• १९२० : मुंबई उपनगर जिल्हा वेगळा झाला.
• १९४७ : इंग्रजी राज्य संपले.

हा कालपट वाचताना एक गोष्ट लक्षात घ्या. पोर्तुगीज आले तेव्हा कान्हेरीत भिक्खुसंघ नव्हता. संघ नाहीसा होऊन चार-पाच शतके लोटली होती. व्यापारी मार्ग बदलले, राजाश्रय आटला, ब्राह्मणी पंथांचा जोर वाढला, अशी अनेक कारणे अभ्यासक देतात. म्हणजे साष्टीतल्या बौद्धांचे विस्थापन कोणत्याही युरोपीय सत्तेने केलेले नाही. 'सगळे परक्यांनी बिघडवले' ही गोष्ट आपल्या इतिहासाला पुरी पडत नाही, ती इथेच.

नाव : कोणी ठेवले, कोणी पुसले

पोर्तुगीज काळात मिशनरी साष्टीत पसरले. बोरिवलीजवळचे मंडपेश्वर हे मूळचे शैव लेणे. सोळाव्या शतकात फ्रान्सिस्कन पंथाने तिथे चर्च आणि मठ उभारला. त्याचे भग्न अवशेष आजही लेण्याच्या माथ्यावर दिसतात. कान्हेरीच्या मोठ्या चैत्यगृहाचाही काही काळ चर्च म्हणून वापर झाल्याच्या नोंदी आहेत.

कान्हेरीबद्दल एक विलक्षण नोंद पोर्तुगीज इतिहासकार दियोगो दो कूतो याने सतराव्या शतकाच्या आरंभी केली आहे. ही लेणी कोणी कोरली, असे विचारता स्थानिक लोकांनी सांगितलेली एक गोष्ट तो देतो. राजाला एकुलता एक मुलगा होता. तो संन्यास घेईल असे भाकीत झाले, म्हणून राजाने त्याला दुःखाच्या दर्शनापासून दूर, बंदिस्त ठेवले. दो कूतोला ही गोष्ट संत जोसाफात याच्या ख्रिस्ती कथेसारखी वाटली. जोसाफात हे नाव 'बोधिसत्त्व' या शब्दाचा अनेक भाषांतून प्रवास करून आलेला अपभ्रंश आहे, हे युरोपीय विद्वानांनी पुढे एकोणिसाव्या शतकात दाखवून दिले. म्हणजे सिद्धार्थाची कथा साष्टीच्या लोकांच्या ओठांवर होती, ऐकणाऱ्याच्या धर्मग्रंथातही ती वेगळ्या वेशात होती. पण सांगणाऱ्याच्या गोष्टीत बुद्धाचे नाव उरले नव्हते. नाव पुसणे म्हणजे काय, याचे याहून बोलके उदाहरण आम्हाला ठाऊक नाही.

अंधेरी पूर्वेतील कोंडिविटे लेण्यांचेही तसेच. एकोणीस लेण्यांचा हा बौद्ध समूह. त्याच्या चैत्यगृहात दगडात कोरलेली गोल कुटी आहे आणि तिच्या आत स्तूप आहे. तरी रस्ता, बसथांबा आणि सर्वसामान्य बोलणे यांत तो 'महाकाली केव्हज' झाला आहे, कारण जवळ महाकालीचे मंदिर आहे. हे नाव कुठल्या गोऱ्या साहेबाने लादलेले नाही. निर्वसाहतीकरणाच्या नावाखाली शहरांची आणि रस्त्यांची नावे बदलली जातात, तेव्हा 'कोंडिविटे' हे नाव परत आणण्याची आठवण किती जणांना होते?

इथे एक पथ्य पाळले पाहिजे. वसई-साष्टीतले आजचे ईस्ट इंडियन ख्रिस्ती बांधव म्हणजे पोर्तुगीज नव्हेत. ते इथल्याच कोळी, कुणबी आणि इतर जातींतून आलेले, मराठीची बोली बोलणारे भूमिपुत्र आहेत. 'ईस्ट इंडियन' हे नावदेखील त्यांनी १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात घेतले. वसाहतवादाचा हिशेब शेजाऱ्याच्या दारात मांडायचा नसतो.

लिपी : वाचण्याचा अधिकार

कान्हेरीच्या भिंतींवर शेकडो वर्षे शिलालेख होते. ते वाचणारे कोणी उरले नव्हते. पांडवांनी एका रात्रीत लेणी कोरली, ही समजूत याच अज्ञानातून रुजली. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेप यांनी अशोककालीन लिपी उलगडली आणि दगड बोलू लागले.

पण याच काळाची दुसरी बाजूही आहे. १८३९ मध्ये डॉ. जेम्स बर्ड यांनी कान्हेरीच्या चैत्यगृहासमोरचा स्तूप उकलला. आत अस्थिपात्रे आणि ताम्रपट मिळाले. ताम्रपटावर त्रैकूटक शकाचे २४५ वे वर्ष, म्हणजे इ. स. ४९४-९५ आहे आणि बुद्धांचे अग्रश्रावक सारिपुत्त यांच्या चैत्याचा उल्लेख आहे. ज्या स्तूपापुढे उपासकांनी वंदना केली, तो एका अधिकाऱ्याच्या जिज्ञासेपोटी फोडला गेला. परवानगी घ्यायला तिथे संघ नव्हता. सांचीच्या परिसरातून सारिपुत्त आणि मोग्गल्लान यांच्या अस्थी १८५१ मध्ये निघाल्या आणि लंडनच्या संग्रहालयात गेल्या. त्या परत येऊन १९५२ मध्ये सांचीच्या विहारात विराजमान झाल्या. पिपरहवा येथे १८९८ मध्ये सापडलेल्या रत्नांचा काही भाग जमीनदार पेपे यांच्या कुटुंबाकडे राहिला. २०२५ मध्ये त्याचा हाँगकाँगमध्ये लिलाव निघाला. जगभरच्या बौद्धांनी आक्षेप घेतला, भारत सरकारने नोटीस बजावली, लिलाव थांबला आणि एका भारतीय उद्योगसमूहाने ती रत्ने विकत घेतल्यावर ती भारतात आली. श्रद्धेच्या ठेव्याचा 'संग्राह्य वस्तू' होणे हा वसाहतवादाचा आपल्याला झालेला अगदी थेट स्पर्श आहे.

मग लिपी उलगडणाऱ्यांचे आभार मानायचे की स्तूप फोडणाऱ्यांचा निषेध करायचा? दोन्ही. यात विसंगती नाही. शिवाय हे ज्ञान एकट्या युरोपीयांचे नव्हते. डॉ. भाऊ दाजी लाड आणि पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी पश्चिम भारतातल्या अनेक लेखांचे वाचन केले. १८८२ मध्ये भगवानलाल यांनी सोपाऱ्याचा स्तूप उत्खनित केला आणि अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा उजेडात आणला. नवव्या लेखाचा तुकडा त्याच परिसरात १९५६ मध्ये मिळाला, म्हणजे नेमका धम्मदीक्षेच्या वर्षी.

पण हे ज्ञान कोणापर्यंत पोहोचले? त्याच १८८२ साली महात्मा जोतीराव फुले यांनी हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन दिले. सरकारचा महसूल कष्टकऱ्यांच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांसाठी होतो, ही त्यांची तक्रार होती. इकडे लेण्यांतल्या सोनार-लोहारांची नावे इंग्रजी नियतकालिकांत छापली जात होती. तिकडे त्याच श्रमिकांच्या वारसांना शाळेची पायरी चढता येत नव्हती. फुल्यांनी १८७३ च्या आपल्या पुस्तकाला 'गुलामगिरी' हे नाव दिले, ते इंग्रजी राज्याला उद्देशून नव्हते, हेही इथे आठवावे.

हे लेख काय सांगतात? कान्हेरीला दान देणाऱ्यांत राजघराण्यातले लोक आहेत, तसे व्यापारी, सोनार, लोहार, उपासिका आणि भिक्खुणीही आहेत. कोणी लेणे दिले, कोणी पाण्याची पोढी, कोणी वाट बांधून दिली. दाते कल्याण, सोपारा, चौल, नाशिकहून आले. एका लेखात मंगलठाण गावातले शेत दान दिल्याची नोंद आहे. हे गाव म्हणजे आजचे मागाठाणे, असे अभ्यासक मानतात. अकराव्या शतकात येऊन गेलेल्या पारशी प्रवाशांनी पहलवी लिपीत आपली नावे कोरली आहेत. ही साष्टी बंदिस्त नव्हती. परक्याचा द्वेष हा आपला वारसा नाही, हे या भिंतींवरच लिहिले आहे.

डॉ. शोभना गोखले यांनी कान्हेरीच्या लेखांचा संग्रह १९९१ मध्ये प्रसिद्ध केला. आज ठिकठिकाणचे आपले तरुण धम्मलिपीच्या कार्यशाळांत अक्षरे गिरवतात, रविवारी लेण्यांवर जातात, दगडावरचे शब्द स्वतः लावतात. आमच्या मते निर्वसाहतीकरण म्हणतात ते हेच. साहेबाने वाचले, पंडिताने वाचले, आता दात्यांच्या पंगतीतले वाचत आहेत.

जमीन : मालक बदलले, कूळ तेच

पोर्तुगीजांनी साष्टीतली गावे सरदारांना आणि धर्मसंस्थांना लावून दिली. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात गावेच्या गावे मुंबईतल्या धनवंतांना पट्ट्याने किंवा इनामाने दिली. पवईची इस्टेट फ्रामजी कावसजी यांच्याकडे गेली, ती याच पद्धतीने. जमीन कसणारे आगरी, कोळी, कुणबी, वारली, महार हे कूळ किंवा मजूरच राहिले. शहराला पाणी हवे म्हणून विहार आणि तुळशीचे तलाव बांधले गेले. डोंगर राखीव झाले.

कोकणातल्या खोतीविरुद्ध बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले. तेव्हा प्रांतात निवडून आलेले काँग्रेसचे मंत्रिमंडळ होते, तरी ते मंजूर झाले नाही. खोती रद्द करणारा कायदा १९४९ मध्ये झाला आणि साष्टीतल्या इस्टेटींची महसूलमाफी काढणारा कायदा १९५१ मध्ये. कागदावर मध्यस्थ गेले. जुन्या इस्टेटींच्या मालकीचे वाद मात्र पुढेही न्यायालयांत चालत राहिले, आणि कसणाऱ्याच्या हाती जमीन येण्याआधीच तिची घरबांधणीची किंमत कळलेले लोक पुढे सरसावले.

जंगलाची गोष्टही तीच. १९२७ चा भारतीय वन कायदा हा इंग्रजी अमलाचा कायदा. त्याच्या नजरेत जंगलात पिढ्यान्पिढ्या राहणारा आदिवासी अतिक्रमक ठरतो. उच्च न्यायालयाच्या १९९७ च्या आदेशानंतर बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या वस्त्या हटवण्याची मोहीम झाली, तेव्हा पाड्यांवरच्या वारली कुटुंबांनाही आपण इथलेच आहोत हे सिद्ध करावे लागले. २००६ चा वनाधिकार कायदा हे खरे निर्वसाहतीकरणाचे पाऊल. २०१९ मध्ये आरेची झाडे पडली तेव्हा त्या कायद्याखालचे हक्क पाड्यांनी मागितले होते. कान्हेरीचा डोंगर आपला वारसा आहे, असे म्हणताना त्या डोंगराच्या कुशीतल्या पाड्यांचा प्रश्न आपला नाही, असे आपल्याला म्हणता येणार नाही.

कायदा : नाव बदलले की स्वभाव?

इंग्रजांनी अस्पृश्यता निर्माण केली नाही. पण तिला सरकारी दप्तरात जागा दिली. १८७४ च्या मुंबई इलाख्याच्या वतन कायद्याने महारांची गावकी कायद्याच्या चौकटीत बांधली. राबणूक चोवीस तासांची, मोबदला तुटपुंजा. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये त्यात दुरुस्तीचे विधेयक आणले. महार वतन प्रत्यक्षात गेले ते १९५८ च्या कायद्याने, म्हणजे स्वातंत्र्यानंतर अकरा वर्षांनी. लष्करातली महारांची भरती इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंद केली, तेव्हा गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज करून दाद मागितली. गरज होती तोवर वापरले आणि नंतर सवर्णांच्या पूर्वग्रहाशी जुळवून घेतले, हा साम्राज्याचा व्यवहार होता.

१८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने माणसे जन्मतःच गुन्हेगार ठरवली. पुढे तो मुंबई इलाख्यातही लागू झाला. १९५२ मध्ये तो रद्द झाला, पण 'सराईत गुन्हेगार' कायद्यांच्या रूपाने संशय कायम राहिला. १ जुलै २०२४ पासून १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. वसाहतवादी कायदे गेले, असे सांगण्यात आले. राजद्रोहाचे जुने कलम गेले हे खरे. पण देशाचे सार्वभौमत्व, एकता आणि अखंडता यांना धोका पोहोचवणाऱ्या कृतींसाठी नवे कलम १५२ आले. त्याची शब्दरचना तितकीच ऐसपैस असल्याची टीका कायदेतज्ज्ञांनी केली आहे.

घाटकोपरला हा प्रश्न पुस्तकी नाही. ११ जुलै १९९७ रोजी माता रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली. जमलेल्या लोकांवर राज्य राखीव पोलीस दलाने गोळीबार केला आणि दहा जण ठार झाले. गोळीबाराचे समर्थन होऊ शकत नाही, असे चौकशी आयोगाने म्हटले. त्या दिवशी बंदूक रोखणारे हात परके नव्हते. वस्तीला जमाव समजायचे आणि जमावाला शत्रू, ही पोलिसी सवय इंग्रजी अमलात रुजली. ती आपल्या राज्यात, आपल्या लोकांवर, पन्नास वर्षांनंतरही चालली.

बाबासाहेब कोणत्या बाजूला होते?

बाबासाहेबांना 'इंग्रजधार्जिणे' म्हणणाऱ्यांनी तीन गोष्टी वाचाव्यात. कोलंबिया विद्यापीठातला त्यांचा १९१५ चा प्रबंध ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर आणि वित्तव्यवस्थेवर होता, आणि त्यात कंपनीने भारतावर लादलेल्या आर्थिक ओझ्याची चिकित्सा आहे. १९२३ आणि १९२५ च्या त्यांच्या ग्रंथांत रुपयाचा आणि प्रांतिक वित्ताचा अभ्यास आहे. तिसरी गोष्ट म्हणजे २० नोव्हेंबर १९३० चे गोलमेज परिषदेतले भाषण. इंग्रज येण्यापूर्वी आम्हाला गावच्या विहिरीवर पाणी भरता येत नव्हते, आजही येत नाही. देवळात जाता येत नव्हते, आजही येत नाही. मग या राज्याने आमच्यासाठी केले काय? असा त्यांचा आशय होता. त्यातून निघणारी मागणी स्पष्ट होती : लोकांचे, लोकांनी चालवलेले सरकार. मात्र त्या सरकारात सत्ता नेमकी कोणाच्या हाती जाणार, हे आधी ठरले पाहिजे.

आमच्या मते निर्वसाहतीकरणाची कसोटी हीच. सत्ता दिल्लीहून की लंडनहून चालते हा अर्धा प्रश्न. ती पाणवठ्यापर्यंत पोहोचते का, हा उरलेला अर्धा. बोधगयेचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. अनागारिक धम्मपाल १८९१ मध्ये तिथे गेले आणि महाविहारासाठी लढा सुरू झाला. इंग्रज गेले. १९४९ च्या कायद्याने व्यवस्थापन समिती आली, तिच्यात चार बौद्ध, चार हिंदू आणि अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी. जगातल्या बौद्धांचे सर्वोच्च तीर्थ बौद्धांच्या पूर्ण व्यवस्थापनात यावे, यासाठी २०२५ मध्येही भिक्खूंना उपोषणाला बसावे लागले.

आपल्यासाठीही इशारा

हा आरसा आपल्यापुढेही धरला पाहिजे. श्रीलंकेत वसाहतकाळात बौद्ध धर्माची उपेक्षा झाली, तिच्याविरुद्धचे प्रबोधन न्याय्य होते. पण स्वातंत्र्यानंतर १९५६ च्या कायद्याने सिंहली हीच एकमेव राजभाषा झाली. तमिळ नागरिक दुय्यम ठरले आणि पुढे देश दीर्घ यादवीत होरपळला. वसाहतवादाचा बळी ठरलेला समाज सत्ता हाती येताच दुसऱ्याला वसाहत बनवू शकतो, मग तो बौद्ध का असेना. म्हणून मंडपेश्वर शैव आहे तर ते शैवच सांगायचे. जिथे पुरावा नाही तिथे 'मूळचे बौद्ध' अशी पाटी लावायची नाही. खोट्या दाव्याला खोटा दावा हे उत्तर नव्हे.

काय करता येईल

• आपल्या प्रभागातल्या लेण्यांची लेखी नोंद ठेवा. मागाठाणेची लेणी वस्तीच्या वेढ्यात झिजत आहेत. तिथल्या रहिवाशांना शत्रू न मानता राखणदार करा.
• कोंडिविटे हे नाव बोलण्यात, निमंत्रणपत्रिकेत, सहलीच्या फलकावर आवर्जून वापरा.
• विहारात महिन्यातून एकदा धम्मलिपीचा वर्ग घ्या. कान्हेरीचे दहा लेख अर्थासह पाठ असलेली दहा मुले प्रत्येक विहारात असावीत.
• शिलालेखांवर खडू, तेल, रंग लावू नका, ठसे घेऊ नका. छायाचित्र पुरेसे आहे.
• लेण्यांवर जाताना पाड्यांवर थांबा. त्यांच्या वनहक्काच्या दाव्यांचे काय झाले ते विचारा.
• कुठलाही 'वसाहतवादमुक्त' कायदा आला की दोन प्रश्न विचारा : याने पोलिसाचा अधिकार कमी झाला की वाढला? आणि वस्तीतल्या माणसाला काय मिळाले?

कल्याणहून अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वी कोणी लोहार, कोणी सोनार कण्हगिरीवर चढून आला आणि आपले नाव दगडावर ठेवून गेला. राजे गेले, फिरंगी गेले, कंपनी गेली, राणी गेली. नाव आहे तिथेच आहे. ते वाचता येणे, आणि वाचणाऱ्याला पायथ्याशी हक्काचे घर, पाणी आणि निर्भय जगणे मिळणे, या दोन्ही गोष्टी झाल्या की साष्टी स्वतंत्र झाली असे आपण म्हणू.

जय भीम. नमो बुद्धाय.